उष्मा, वादळ आणि अचानक पूर : अमेरिकेतील पुढच्या दोन दिवसांचा अंदाज कसा वाचावा

उन्हाळ्यात अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागांत एकाच दिवसासाठी उष्म्याचा इशारा, तीव्र वादळांची शक्यता आणि अचानक पुराचा धोका असे तिन्ही एकत्र जाहीर होणे मुळीच दुर्मीळ नाही. आपल्यापैकी बहुतेक जण फोनवरच्या ॲपमधले ढगाचे चित्र आणि त्याखालचा ‘४० टक्के’ हा आकडा पाहून दिवसाचा बेत ठरवतात. तो आकडा इतकेच सांगतो की दिलेल्या कालावधीत आपल्या ठिकाणी मोजता येण्याजोगा, म्हणजे किमान ०.०१ इंच, पाऊस पडण्याची शक्यता ४० टक्के आहे. पाऊस रिमझिम असेल की तासाभरात तळघर भरून टाकणारा, वाऱ्याने झाडे उन्मळतील की नाही, वादळ दुपारी येईल की मध्यरात्री, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नसते.

ही उत्तरे सरकारी हवामान सेवेच्या ४८ तासांच्या अंदाजात मिळतात, आणि ती विनामूल्य असतात. ती कशी शोधावीत, कोणत्या क्रमाने वाचावीत आणि त्यांवरून घरातले निर्णय कसे घ्यावेत, हे या लेखात सांगितले आहे. या साऱ्यामागे माझा आग्रह एकच आहे : उष्मा, वादळ आणि पूर या तीन स्वतंत्र बातम्या समजू नयेत. त्या एकाच दिवसाच्या घड्याळावर मांडाव्यात, कारण एका धोक्यासाठी केलेली तजवीज दुसऱ्या धोक्याच्या वेळी घातक ठरू शकते.

तिन्ही धोके एकत्र का येतात

उन्हाळ्यात उच्च दाबाचे मोठे क्षेत्र देशाच्या एखाद्या भागावर ठाण मांडून बसते. त्याच्या मध्यभागी हवा वरून खाली उतरत असल्यामुळे ढग वाढत नाहीत आणि जमीन तापत राहते. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा त्याच वेळी उत्तरेकडे सरकत असते. या क्षेत्राच्या उत्तरेकडील कडेवर उंचावरचे वारे जोरदार असतात, आणि तिथे खालची उष्ण दमट हवा वर उसळली की वादळांचे मोठे पुंजके तयार होऊन कडेकडेने, बहुधा वायव्येकडून आग्नेयेकडे, धावू लागतात. हवामानतज्ज्ञ या रचनेला ‘रिंग ऑफ फायर’ म्हणतात. असे पुंजके पुष्कळदा संध्याकाळी जन्माला येतात आणि रात्रभर पुढे सरकत राहतात. एकामागून एक वादळे त्याच पट्ट्यावरून गेली तर ताशी दोन-तीन इंच पाऊस एकाच जागी ओतला जातो.

म्हणून उन्हाळी अंदाजात दवबिंदूचा, म्हणजे हवेत किती वाफ आहे ते सांगणारा, आकडा अवश्य पाहावा. दवबिंदू ७० अंश फॅरेनहाइटच्या वर गेला की घाम वाळत नाही आणि उकाडा असह्य होतो. हीच वाफ वादळाला बळ देते आणि हीच पावसाच्या रूपाने खाली येते.

२९ जून २०१२ रोजी हे सारे एका दिवसात घडले. वॉशिंग्टन शहरात त्या दुपारी तापमान १०४ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढले होते. शिकागोच्या परिसरात दिवसा उठलेल्या वादळांनी सोसाट्याच्या वाऱ्याची एक लांबलचक रांग तयार केली आणि रात्रीपर्यंत ती अटलांटिक किनाऱ्याला जाऊन भिडली. अशा दूरवर जाणाऱ्या वादळी वाऱ्याला ‘डेरेचो’ म्हणतात. ४० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, पुढचे कित्येक दिवस उष्मा तसाच राहिला, आणि वादळातून सुखरूप वाचलेल्या माणसांना वातानुकूलन नसलेल्या घरांत तो सोसावा लागला. आदल्या दिवशीच्या अंदाजात या वादळाची तीव्रता नीट उतरलेली नव्हती. ४८ तासांचा अंदाज एकदा वाचून सोडून देऊ नये, याचे मुख्य कारण हेच.

पहिली पायरी : मूळ अंदाज गाठणे

राष्ट्रीय हवामान सेवेच्या ‘वेदर डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर आपला झिप कोड टाकावा आणि उघडलेल्या नकाशावर आपल्या घराच्या जागी क्लिक करावे. त्यामुळे शहराच्या विमानतळाचा नव्हे, तर आपल्या परिसरातील छोट्या चौकोनाचा अंदाज मिळतो. पानाच्या वरच्या भागात लागू असलेल्या इशाऱ्यांची नावे दिसतात. प्रत्येक नावावर क्लिक करून इशाऱ्याचा पूर्ण मजकूर वाचावा, कारण वेळ, क्षेत्र आणि अपेक्षित परिणाम त्यातच लिहिलेले असतात. त्याच पानावर तासागणिक आलेखाचा दुवा असतो, आणि स्थानिक कार्यालयातील तज्ज्ञांनी लिहिलेल्या चर्चेचाही असतो. या चर्चेला ‘फोरकास्ट डिस्कशन’ म्हणतात. तिची भाषा तांत्रिक असली तरी ती वगळू नये. ‘वादळे होतील का याबद्दल खात्री कमी आहे, पण झाली तर तीव्र होतील’ अशा स्वरूपाची अत्यंत मोलाची वाक्ये तिथेच सापडतात आणि कोणत्याही चित्रात ती मावत नाहीत.

आपल्या काउंटीचे (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचे), आणि पश्चिमेकडील दोन-तीन काउंट्यांचे नाव घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. इशारे काउंटीच्या नावाने वाचून दाखवले जातात, आणि उन्हाळी वादळे बहुतांशी पश्चिमेकडून येतात. त्यामुळे शेजारच्या काउंटीचे नाव कानावर पडले की तयारीला थोडा अवधी मिळतो.

दुसरी पायरी : वेळ आपल्या घड्याळात आणणे

राष्ट्रीय पातळीवरच्या नकाशांवर वेळ ‘झेड’ या अक्षराने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. उन्हाळ्यात पूर्वेकडील वेळेसाठी त्यातून ४ तास, मध्य विभागासाठी ५, पर्वतीय विभागासाठी ६ आणि पॅसिफिक किनाऱ्यासाठी ७ तास वजा करावेत. ‘पहिला दिवस’ असे लिहिलेल्या वादळाच्या नकाशाची मुदत १२ झेडपासून दुसऱ्या दिवशीच्या १२ झेडपर्यंत असते. मध्य विभागात याचा अर्थ सकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७. शनिवारच्या नकाशात दाखवलेला धोका रविवारी पहाटे ३ वाजताचाही असू शकतो. शनिवारचा दिवस कोरडा गेला म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते.

तिसरी पायरी : वादळाचा नकाशा

ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथील ‘स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर’ तीव्र वादळांच्या शक्यतेचा नकाशा काढते. साध्या गडगडाटी पावसासाठी फिकट हिरवा रंग असतो. त्यापुढे धोक्याच्या पाच पातळ्या आहेत : ‘मार्जिनल’ गडद हिरवी, ‘स्लाइट’ पिवळी, ‘एन्हान्स्ड’ नारिंगी, ‘मॉडरेट’ लाल आणि ‘हाय’ किरमिजी. तीव्र वादळ म्हणजे किमान १ इंच व्यासाची गार, ताशी ५८ मैल किंवा त्याहून जोराचा वारा, अथवा ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी, वेगाने फिरणारी हवेची सोंड, म्हणजे टॉर्नेडो. विजेचा या व्याख्येत समावेश नाही. त्यामुळे ‘तीव्र’ न ठरलेले वादळही विजेने जीव घेऊ शकते.

रंगावर न थांबता त्याच पानावरील टक्क्यांचे वेगवेगळे नकाशे उघडून पाहावेत. हे टक्के एखाद्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आत ती घटना घडण्याची शक्यता सांगतात. पिवळी पातळी वाऱ्याच्या १५ टक्क्यांमुळे येऊ शकते, तशीच टॉर्नेडोच्या ५ टक्क्यांमुळेही येऊ शकते. रंग एकच, पण तयारी निराळी. टॉर्नेडोचे ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, तरी एरवीच्या दिवसाच्या मानाने तो धोका कित्येक पट असतो.

पहिल्या दिवसाचा हा नकाशा दिवसातून पाच वेळा बदलतो. मध्य विभागाच्या उन्हाळी वेळेनुसार रात्री १, सकाळी ८, सकाळी ११:३०, दुपारी ३ आणि रात्री ८ या त्या वेळा. माझ्या मते त्यांतल्या दोन चुकवू नयेत : सकाळी ११:३०ची, कारण तोवर सकाळचे फुग्याद्वारे घेतलेले निरीक्षण तज्ज्ञांच्या हाती आलेले असते, आणि रात्री ८ची, कारण झोपण्यापूर्वीची ती शेवटची मोठी सुधारणा असते. सोबतच्या मजकुरात ‘कॅप’ हा शब्द वारंवार येतो. जमिनीपासून थोड्या उंचीवर असलेला हा उबदार हवेचा थर खालच्या हवेला वर उसळू देत नाही. तो टिकला तर वादळ होत नाही, पण उष्मा वाढत जातो. तो उशिरा तुटला तर साठलेली सारी ऊर्जा एकदम मोकळी होते. म्हणून दुपारी चार वाजता आकाश निरभ्र आहे एवढ्यावरून अंदाज चुकला असे मानू नये.

चौथी पायरी : पुराचा नकाशा

मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथील ‘वेदर प्रेडिक्शन सेंटर’ अतिवृष्टीचा नकाशा प्रसिद्ध करते. त्यात चार पातळ्या आहेत : ‘मार्जिनल’ किमान ५ टक्के, ‘स्लाइट’ किमान १५, ‘मॉडरेट’ किमान ४० आणि ‘हाय’ किमान ७० टक्के. नावे वादळाच्या नकाशासारखी असली तरी मोजमाप निराळे आहे. २५ मैलांच्या आत पाऊस त्या भागाच्या पूर-मर्यादेपलीकडे जाण्याची ही शक्यता आहे. ही मर्यादा म्हणजे लहान ओढे-नाले पात्राबाहेर पडायला एका, तीन किंवा सहा तासांत किती पाऊस पुरेल त्याचा हिशेब. तो जमिनीच्या ओलाव्यानुसार बदलतो. मागच्या आठवड्यात भरपूर पाऊस झालेल्या गावाला पूर यायला थोडाच पाऊस पुरतो. जंगलातील वणव्याने होरपळलेले डोंगरउतार तर पाणी जवळपास शोषतच नाहीत, आणि तिथे अर्ध्या तासाच्या सरीनेही चिखल-दगडांचा लोंढा उतरू शकतो.

नकाशाला आपल्या जागेची माहिती नसते, ती आपल्याला घालावी लागते. घर उताराच्या तळाशी आहे का, ऑफिसच्या वाटेवर रेल्वेपुलाखालचा खोलगट रस्ता आहे का, गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असते का, कोणी तळमजल्याखालच्या खोलीत भाड्याने राहते का, याची यादी कोरड्या दिवसातच करून ठेवावी. १ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयडा’ चक्रीवादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पाडला. शहरात १३ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतले ११ जण तळघरातल्या घरांत होते. जवळपास नदी नसली तरी पूर येतो, तो असा.

‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांतील अंतर पुराच्या बाबतीत सर्वांत जास्त महत्त्वाचे ठरते. वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, तयारी करा. वॉर्निंग म्हणजे धोका सुरू झाला आहे किंवा अगदी तोंडावर आला आहे, ताबडतोब हालचाल करा. टेक्सासमधील ग्वाडालुपे नदीच्या २०२५ च्या पुरात स्थानिक कार्यालयाने ३ जुलैच्या दुपारी सव्वाच्या सुमारास वॉच जाहीर केला होता, आणि केर काउंटीच्या भागासाठी पहिली वॉर्निंग आली ती ४ जुलैच्या पहाटे सव्वा वाजता. सुट्टीसाठी नदीकाठी आलेली माणसे आणि शिबिरातील मुली तेव्हा झोपेत होत्या. राज्यात १३० हून अधिक माणसे दगावली. नदीकाठी, कॅनियनमध्ये किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्राजवळ मुक्काम असेल तर निर्णय वॉचच्या वेळीच, उजेड असताना घ्यावा. मुक्काम उंचावर हलवावा किंवा बेत रद्द करावा. रात्री वॉर्निंग आल्यावर अंधारात मुलाबाळांना घेऊन वाट शोधण्याची वेळ येऊ देऊ नये.

पाचवी पायरी : उष्म्याचा नकाशा

इथे दोन आकडे वेगवेगळे समजून घ्यावे लागतात. ‘हीट इंडेक्स’ हा तापमान आणि आर्द्रता मिळून शरीराला जाणवणारा उष्मा होय. ९० अंश फॅरेनहाइट तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो साधारण १०५ अंश भरतो, आणि तोही सावलीतला. थेट उन्हात त्यात १५ अंशांपर्यंत भर पडू शकते. ‘हीट रिस्क’ हा शून्य ते चार असा मापक असून त्याचे रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि किरमिजी आहेत. त्या ठिकाणी आणि त्या हंगामात हा उष्मा किती असाधारण आहे, तो किती दिवस टिकणार आहे आणि रात्री उतरणार आहे की नाही, हे त्यात धरलेले असते. घरातल्या माणसांविषयी निर्णय घेताना मी हीट रिस्कला अधिक महत्त्व देते. शरीर रात्री सावरते, आणि रात्रीचे तापमान ८० च्या खाली आलेच नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्याने होते.

उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले असतील तर हा नकाशा त्यांच्यासमोर बसून पाहावा. ‘आम्ही यापेक्षा कडक ऊन पाहिले आहे’ असे ते म्हणतील, आणि ते खरेही असते. परंतु रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांमुळे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते, आणि वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते. हीट रिस्क लाल असलेल्या दिवशी दुपारचा फेरफटका बंद ठेवावा, आणि त्यांच्या खोलीतील तापमान अंदाजाने न ठरवता थर्मामीटरने मोजावे. खोली ९० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा पुरत नाही, उलट तो गरम हवा अंगावर फेकत राहतो. २०२५ पासून तीव्र उष्म्याच्या वॉच आणि वॉर्निंगच्या नावात ‘एक्सेसिव्ह’ऐवजी ‘एक्स्ट्रीम’ असा बदल झाला आहे. जुन्या माहितीपत्रकातले नाव शोधत बसू नये.

सहावी पायरी : सारे एका घड्याळावर मांडणे

समजा, मध्य विभागातील एका शहरासाठी शुक्रवारी रात्री असा अंदाज आहे : शनिवारी दुपारी १ ते संध्याकाळी ७ हीट इंडेक्स १०५, हीट रिस्क लाल, वादळाची पातळी पिवळी, तीही वाऱ्याच्या १५ टक्क्यांमुळे, आणि चर्चेत वादळे रात्री ९ नंतर वायव्येकडून येतील असा उल्लेख, अतिवृष्टीची पातळी ‘स्लाइट’, आणि पुराचा वॉच रात्री १० ते रविवारी सकाळी ७.

कागदावर हे तास ओळीने लिहून काढले की निर्णय आपोआप उलगडत जातात. बाहेरची कामे सकाळी १० च्या आत उरकावीत. संध्याकाळी नदीकाठच्या उद्यानात जमायचे ठरले असेल तर ते ८ पूर्वी आटोपावे, आणि परतीची वाट खोलगट रस्त्यावरून जात असेल तर दुसरी वाट आधीच ठरवावी. तळघरात उभी गाडी संध्याकाळी वर आणावी, पण मोठ्या झाडाखाली ठेवू नये. फोन आणि पॉवर बँक ६ पर्यंत चार्ज कराव्यात. रविवारीही उष्मा असेल आणि रात्री वीज जाण्याची शक्यता असेल, तर वातानुकूलन नसताना वृद्धांना कुठे हलवायचे ते शनिवारीच ठरवून संबंधितांना फोन करावा.

आता सर्वांत अवघड प्रश्न झोपण्याच्या जागेचा. दुपारच्या उकाड्यात घरातली सर्वांत गार जागा तळघर असते, त्यामुळे मुले तिथेच झोपायचा हट्ट धरतात. टॉर्नेडोची वॉर्निंग आली तर तळघरातच जायचे, हेही आपण शिकलेलो असतो. परंतु अतिवृष्टीच्या रात्री तळघर हीच सर्वांत धोक्याची खोली ठरू शकते : पाणी भरू लागले की बाहेर उघडणारे दार पाण्याच्या दाबाने उघडत नाही. अशा रात्री सर्वांनी तळमजल्यावर, मोठी झाडे असलेल्या बाजूपासून दूर झोपावे. टॉर्नेडो आणि पूर या दोन्ही वॉर्निंग एकाच वेळी लागू झाल्या, तर टॉर्नेडोचा धोका काही मिनिटांचा आणि तात्काळ असतो, त्यामुळे आधी त्यापासून आडोसा घ्यावा. मात्र तळघरात पाणी शिरत असेल तर तळमजल्यावरची, खिडकी नसलेली आतली खोली निवडावी. ती खोली कोणती, हे आदल्या संध्याकाळी घरातल्या सर्वांना प्रत्यक्ष दाखवून ठेवावे.

सातवी पायरी : इशारा कानापर्यंत पोहोचतो का, ते तपासणे

फोन प्रत्येक वॉर्निंगला वाजतो, हा समज चुकीचा आहे. तीव्र वादळाच्या वॉर्निंगमध्ये ‘डिस्ट्रक्टिव्ह’ असा शिक्का असेल, म्हणजे ताशी ८० मैलांचा वारा किंवा पावणेतीन इंचांच्या गारा अपेक्षित असतील, तरच आपत्कालीन संदेश आपोआप येतो. अचानक पुराच्या वॉर्निंगसाठी ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ हा शिक्का लागतो. ताशी ७० मैलांच्या वाऱ्यात मोठा वृक्ष छपरावर कोसळू शकतो आणि तरीही फोन गप्प राहू शकतो. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू आहेत याची खात्री करावी, त्याशिवाय काउंटीच्या स्थानिक संदेश-सेवेत नाव नोंदवावे, आणि सरकारी हवामान इशारे ऐकवणारा, बॅटरीवर चालणारा ‘नोआ वेदर रेडिओ’ शयनगृहात ठेवावा. त्यात आपल्या काउंटीचा कोड भरला की तो एरवी शांत राहतो आणि इशारा आल्यावर जाग येईल एवढ्या मोठ्याने वाजतो. मोबाइलचे जाळे कोलमडले तरी तो चालतो. घरासाठी एकच वस्तू घ्यायची झाल्यास मी हीच घेण्याचा सल्ला देईन.

प्रत्यक्ष धोका आल्यावर

गडगडाट ऐकू आला की वीज पडण्याइतके वादळ जवळ आलेले असते. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी वळवावी. ६ इंच वेगवान पाणी माणसाला पाडते, १२ इंच लहान गाडीला ढकलते आणि २ फूट पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे रात्री दिसत नाही. उष्म्याने कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले तर लगेच ९११ ला फोन करावा आणि मदत येईपर्यंत गार पाण्याने अंग भिजवत राहावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

वीज गेली तर फ्रिज न उघडता सुमारे ४ तास आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास गार राहतो. इन्सुलिनसारख्या औषधांची आधी सोय करावी. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. तो घरापासून किमान २० फूट दूर ठेवावा, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उजाडल्यावर नवा हीट रिस्क नकाशा आणि वीज कंपनीने दिलेली दुरुस्तीची वेळ शेजारी ठेवून पाहावी. दुरुस्ती दुपारनंतर होणार असेल आणि नकाशा लाल किंवा किरमिजी असेल, तर वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे यांना रस्ते मोकळे आहेत याची खात्री करून सकाळीच वातानुकूलित ठिकाणी हलवावे. खोली तापून त्यांना अस्वस्थ वाटू लागेपर्यंत थांबू नये.